गुडघ्याखालची पोकळी

डॉक्टरांनी तंबी दिली ती माझ्या तोंडाकडे बघून नाही, गुडघ्याकडे बघून दिली. "पुढच्या तपासणीला हा पलंगाला टेकला पाहिजे. नाही टेकला तर पूर्ण भूल देऊन सरळ करावा लागेल." गुडघा माझा, भूल मला, आणि बोलणं सगळं माझ्या मुलाशी. मी म्हटलं, "डॉक्टर, मी अजून आहे इथे." ते हसले. मला हसू आलं नाही.

मी कुणाला भीत नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. पण भुलीला भिते. माझी थोरली बहीण अशाच एका किरकोळ ऑपरेशनला गेली. जाताना म्हणाली, "भाजी निवडून ठेवू नका, संध्याकाळी येऊन मीच निवडते." ती भाजी दुसऱ्या दिवशी आम्ही टाकून दिली. माझा गुडघा बदलला तेव्हा कमरेत सुई टोचून नुसतं खालचं अंग बधिर केलं होतं. मी टक्क जागी होते, आतली ठोकठोक ऐकत होते, तिकडची बाई "आजी, झोपा" म्हणाली तर तिला गप्प बसवत होते. जागेपणी माझे चार तुकडे करा, मी कुरकुर करणार नाही. पण मला झोपवून माझ्या पाठीमागे काही करायचं, हे मला चालणार नाही.

आमचा धंदा गाद्या, उशा आणि खुर्च्यांच्या बैठका शिवायचा. खाली कारखाना, वर घर. नवऱ्यामागे मीच चालवला. या धंद्यात एकच शहाणपण आहे, आणि ते मी प्रत्येक नव्या माणसाच्या कानात पहिल्या दिवशी घालते. माणसाचं अंग कुठेच सपाट नसतं. मान, कंबर, गुडघ्यामागची जागा, माणूस टेकला की तिथे पोकळी राहते आणि ती पोकळी दुखते. तेव्हा पोकळी दिसली की भर. विचारत बसू नकोस, भर.

आमच्या सुनेच्या कानात हे मी इतक्या वेळा घातलंय की ती झोपेतही म्हणत असेल. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आता हात बसलाय, पण मी अजून तिची शिवण उसवायला लावते. चांगली शिवणही एकदा उसवून पुन्हा घातली की जास्त चांगली होते.

दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी पाय असा ठणकत होता की उताणं पडवेना. सून पलंगापाशी उभी राहून बघत होती. गुडघ्याखाली हात घालून अंदाज घेतला आणि खाली गेली. मशीनचा आवाज येत राहिला. वर आली ती हातात एक अर्धगोल गिरदी घेऊन. मध्ये कापूस दाबून भरलेला, कडांना मऊ, शिवण बाजूला घेतलेली, म्हणजे पायाला रुतू नये. गुडघ्याखाली सरकवली आणि ठणका जो थांबला! मी ती गिरदी उलटसुलट करून बघितली. खोट शोधत होते. सापडली नाही.

"बरी आहे," मी म्हटलं.

ती खाली जाऊन नवऱ्याला सांगत होती ते मला वर ऐकू आलं. "अहो, आई 'बरी' म्हणाल्या!" जसं काही सरकारने तिचा सत्कार केला होता.

तेव्हापासून ती गिरदी रात्रंदिवस माझ्या गुडघ्याखाली. फक्त व्यायाम करून घेणारी पोरगी यायची तेव्हा सून ती काढून, खोळ बदलायला घेऊन जायची. परक्या माणसापुढे मळकी खोळ आमच्या घरात चालत नाही.

त्या पोरीला मी फौजदार म्हणायचे. काडीसारखी, पण हुकूम सोडायला लागली की ऐकावं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, पाय वाकवा."

"आजी कुणाला म्हणतेस? तुझ्या आईच्या वयाची आहे मी."

"माझी आई चाळिशीची आहे."

"मग तुझ्या आईला म्हणावं, जरा लवकरच उरकलंस."

ती हसली आणि हसता हसता माझा पाय असा वाकवला की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण पोरगी समजावून सांगायची, हे खरं. एका हाताची दोन बोटं मुडपून ती दुसऱ्या हाताच्या सपाट तळव्यावर टेकवून दाखवायची. "हे वर मांडीचं हाड, खाली असं दोन गोल टोकांचं. हे नडगीचं, वरून सपाट. गोल वस्तू सपाटावर ठेवली तर?"

"घरंगळेल."

"बरोबर. म्हणून चारी बाजूंनी दोर बांधलेत. आणि मध्ये कूर्चेच्या दोन चकत्या, त्या तुमच्या झिजल्या म्हणून तर हे ऑपरेशन. दाराच्या बिजागरीसारखा गुडघा नुसता उघडमीट करत नाही. तो वाकताना घरंगळतो आणि घसरतोही. समोरची ही वाटी मांडीच्या स्नायूचा दोर ओढून धरते, रहाटाच्या चाकासारखी."

"आणि सरळ होताना?"

"सरळ होताना शेवटी नडगी जराशी बाहेर वळते आणि सांधा कुलूप लागल्यासारखा बसतो. म्हणून माणूस उभा राहून दमत नाही. नव्या गुडघ्याला तेवढं वळणं जमत नाही, पण सरळ तर बसलाच पाहिजे. नाहीतर प्रत्येक क्षणी मांडीनेच तुमचं ओझं धरायचं."

मला पटलं. खुर्चीचा एक पाय आखूड असला की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको.

वाकायला माझा गुडघा शहाणा निघाला. भराभर वाकू लागला. आमचा मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आईचा गुडघा कसा वाकतो बघा," आणि मी वाकवून दाखवायची. पण सरळ होईना. उताणी पडले की गुडघ्याखाली सुनेची अख्खी मूठ जायची. फौजदार कपाळाला आठ्या घालून मोजायची, पुन्हा मोजायची. "रात्री पाय सरळ ठेवता ना?"

"ठेवते की."

खोटं नव्हतं. मला तो सरळच वाटायचा. खालून भरलेलं असलं की सगळं सरळच वाटतं.

मग डॉक्टरांनी ती तंबी दिली आणि घरातली झोप उडाली. मुलगा उगाच जिन्यात येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. मी दाबून बघायची. गुडघा दोन बोटं खाली जायचा आणि मागची शीर ताणून धरायची, जसं आतून कुणी दार लावून घेतलंय. मला बहिणीची ती भाजी डोळ्यांपुढे दिसायची. सून म्हणायची, "आई, ताण नका घेऊ," आणि गिरदी पुन्हा नीट खाली सरकवायची. आणखी थोडा कापूसही भरला तिने. "आता जरा उंच केलीय. बरं वाटेल."

बरं वाटायचं. तेच तर होतं.

एक दिवस फौजदार ठरल्या वेळेआधी आली. गिरदी जागेवरच होती. पोरगी दारातच थबकली.

"हे काय आहे?"

"मी शिवली," सून म्हणाली. चेहऱ्यावर तोच सत्कार.

पोरीने गिरदी बाहेर ओढली, हातात धरली. ती रागावली असती तर मी तिला सरळ केलं असतं. पण ती हळू बोलली. "वहिनी, ही खाली असली की गुडघा रात्रभर वाकलेलाच राहतो. मागच्या शिरा तशाच आखडतात. मी दिवसा ओढून सरळ करायची, आणि ही रात्री पुन्हा वाकवायची. गुडघ्याखाली काही म्हणजे काही ठेवायचं नाही. ती पोकळी रिकामी राहिली पाहिजे, म्हणजे गुडघा तिच्यात उतरेल."

सुनेच्या तोंडावरचा रंग उतरला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. खाली गेली. मी कान लावून बसले. मशीनचा आवाज येईना. आमच्या कारखान्यात दिवसा मशीन बंद राहिलं ते फक्त नवरा गेला तेव्हा.

"वहिनींना वाईट वाटलं," फौजदार म्हणाली.

"तू तुझं काम कर. सून माझी आहे." मग मी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए! मेलं कुणी खाली?"

ती वर आली. डोळे लाल. "आई, माझ्यामुळे तुम्हाला ते... तुमच्या ताईंसारखं..."

"माझ्या बहिणीला ओढून आणू नकोस. ती वर सुखात आहे, मला तिकडे जायची घाई नाही. भांडण करायचं तर नंतर करू, तेव्हा मीही सोडणार नाही. आता ही पोरगी काय म्हणते ते ऐक."

फौजदारने तीच गिरदी उचलली आणि माझ्या टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी. खाली काही नाही. आपल्याच पायाचं वजन त्याला खाली ओढू लागलं आणि मागच्या शिरेतून अशी कळ गेली की मी चादर मुठीत धरली.

"आता मांडी आवळा. गुडघा खाली दाबा. वहिनी, तुम्ही खाली हात ठेवा. त्यांनी तुमचा हात दाबायचा."

सुनेचा हात माझ्या गुडघ्याखाली आला. थंडगार होता.

"दाबा आई. माझा हात चिरडा."

"इतकी वर्षं मनात होतं तुला चिरडायचं," मी दातओठ खात म्हटलं, "आणि आज परवानगी मिळाली तर अंगात जोर नाही."

ती रडता रडता हसली. पण हात काढला नाही.

मग तेच आमचं रोजचं काम झालं. रात्री झोप लागेना, कारण पोकळी दुखायची. कितीदा वाटायचं, एकदाच, थोडीशीच, चादरीची घडी तरी सरकवावी. हात तिकडे जायचा आणि मी तो छातीवर दाबून धरायची. दिवसा सून खालचं काम टाकून वर यायची, हात घालायची. मूठ जाईना झाली. मग पंजा जाऊ लागला. मग पंजा अर्ध्यावर अडला, त्यापुढे काही फरक पडेना, आणि तपासणीचा दिवस आला.

जाताना गाडीत मी मुलाला सांगितलं, "तू बाहेर थांब. डॉक्टर तुझ्याशीच बोलत बसतात." सूनच आत आली.

त्या टेबलावर मी उताणी पडले. वरचा दिवा ऑपरेशनच्या दिव्यासारखा वाटला. डॉक्टर म्हणाले, "सैल सोडा." मी सैल सोडला नाही, आवळला. पुन्हा म्हणाले. मी डोळे मिटले. पंजा गेला असता तर माझं झालंच होतं.

त्यांची बोटं गुडघ्याखाली शिरली. थांबली. त्यांनी बाजू बदलून पुन्हा घातली. मला माझाच श्वास ऐकू येत होता, आणि सुनेचा येत नव्हता.

"बोटांची पेरं जातात," डॉक्टर म्हणाले. "पुढे नाही." या वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "अजून पूर्ण नाही. पण भूल नको. हेच चालू ठेवा. महिनाभर ढिलाई केलीत तर मात्र पुन्हा आखडेल."

"ढिलाई?" मी म्हटलं. "आमच्या घरात?" सून भिंतीला टेकून उभी होती, ती तशीच खाली बसली.

घरी आल्यावर दुपारी मी पलंगावर पडले. तिने टाचेखाली गिरदी ठेवली, चादर सारखी केली. मग तिची नजर सवयीने गुडघ्याखाली गेली, तिथल्या त्या जराशा फटीकडे. हात पुढे आला, चादरीचं टोक चिमटीत धरलं.

मी नुसती बघत राहिले.

तिने चादर सोडली, हात मागे घेतला आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून जिना उतरली. थोड्या वेळाने खाली मशीन सुरू झालं. मी मांडी आवळली आणि त्या रिकाम्या जागेत गुडघा दाबला.