वीणा खाली ठेवता येत नाही

या, असे पुढं सरका. मागं बसलात की निम्मी गोष्ट वाऱ्यावर जाते, आणि ही गोष्ट निम्मीच ऐकलीत तर भलत्याच माणसाला शाबासकी देऊन उठाल. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीनं गावापासून वेगळं व्हायचं की नाही, हे स्वतःच्या मतानं ठरवण्याचा हक्क कसा मिळवला ते सांगतो. यात पुढारी येतील, कागद येतील, पण खरी गोष्ट घडली ती हरिनामाच्या मांडवात. तेव्हा बिनघोर ऐका.

येडगावच्या धरणाजवळ पिंपळठाण नावाचं गाव, आणि कालव्यापलीकडं तीन किलोमीटरवर त्याची बिरोबावाडी. वाडीवाल्यांचे आजे मेंढरं घेऊन आले ते तिथंच राहिले. आता दोन-तीन घरं सोडली तर मेंढरू दिसत नाही, सगळीकडं कांदा आणि टोमॅटो. पण रेशन दुकान गावात, पाण्याची टाकी गावात, दाखल्याचा शिक्काही गावातच. वाडीकडं काय, तर मतदार यादीची शेवटची पानं.

वाडीतले यमाजीबाबा ऐंशीला टेकलेले. त्यांना एकच गोष्ट हवी होती. वेगळी ग्रामपंचायत पाहिजेच असा त्यांचा हट्टसुद्धा नव्हता. ते म्हणायचे, "हो म्हणत्याल का न्हाई म्हणत्याल, ते पांडुरंगाला ठावं. पर मी डोळे मिटायच्या आत एकदा वाडीला इचारा. वाडीलाच."

आता साहेबलोकांचं म्हणणं असं, की वाडीला विचारायचं तर आधी गावाला विचारा. अख्ख्या गावाच्या ग्रामसभेनं ठराव करावा, मग पुढचं. गावाची मतं अडीच हजार, वाडीची चारशे. तरी सरपंच दादाभाऊ भला माणूस हो, त्यांनी वाडीला कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचा तो कोरम. ग्रामसभेला माणसं जमायचीच नाहीत, सभा तहकूब व्हायची, आणि दादाभाऊ वाडीवाल्यांना चहा पाजून वाटेला लावायचे.

वाडीत भैरवनाथ नावाचा पोरगा वकिली शिकलेला. त्यानं मोबाईलवर परदेशातल्या अशा वेगळं व्हायच्या भानगडी बघून ठेवल्या होत्या. तो सांगायचा, "तिकडंबी हेच हाय. ज्याला सोडून जायचं, त्याचीच परवानगी काढावी लागती." वाडीला त्यात फार मोठा आधार वाटला. आपलं दुखणं साता समुद्रापलीकडं पण आहे म्हटल्यावर माणसाला जरा बरं वाटतं.

मग भैरवनाथनं एकेक वाट धरली. आमदारकीच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांकडून शब्द घेतला. निवडून आलेला म्हणाला, प्रस्ताव वर पाठवलाय. पडलेला म्हणाला, मी आलो असतो तर आतापर्यंत झालं असतं. पुढच्या खेपेला वाडीनं मतदानावर बहिष्कार टाकला. तेव्हा गाड्या आल्या, साहेब आले, ओट्यावर बसून पोहे खाल्ले आणि 'उचित कार्यवाही करण्यात येईल' असं पत्र दिलं. भैरवनाथनं ते लॅमिनेशन करून समाजमंदिरात लावलं. अजून आहे. उचित कार्यवाही तेवढीच झाली.

राहता राहिला सप्ताह.

पिंपळठाणच्या सप्ताहाची रीत तुम्हाला ठाऊक असेल. सात दिवस वीणा चालू. वीणेकऱ्यानं गळ्यात वीणा घेऊन उभं राहायचं, दोन तासांनी दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, देणाऱ्या-घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं. वीणा जमिनीला टेकवायची नाही. सहाव्या दिवसाचे सगळे पहारे वाडीचे, हे आज्यापणज्यापासून. भैरवनाथनं बैठक घेतली आणि ठराव केला, की सहाव्या दिवशी दुपारी बारा वाजता वाडी सप्ताहातून उठेल. गावाला कळू दे आपली किंमत.

बारा वाजले. वाडीचे टाळकरी उठले, पखवाजवाला उठला, माळकरी म्हातारेसुद्धा मान खाली घालून निघाले. आणि मांडवात राहिले यमाजीबाबा. दहा ते बाराचा पहारा त्यांचा होता, आणि बाराचा वाडीतला पुढचा गडी आलाच नव्हता. बैठकीत सगळ्याचा विचार झाला होता, वीणा कुणाच्या गळ्यात जायची याचा मात्र झाला नव्हता.

गावातला सावळाराम बिचारा हात पुढं करून वीणा घ्यायला निघाला, तर दादाभाऊंनी त्याला मागं ओढलं. वाडीचा पहारा गावानं केला म्हणजे वाडी वेगळी झाली हे गावानं कबूल केलं, उद्या हेच कागदावर येईल, असं त्यांचं म्हणणं. वाडीतल्या कुणी घ्यावी, तर मांडवाबाहेर भैरवनाथ उभा. वाडीच्या माणसानं वीणा घेतली की बहिष्कार मोडला.

म्हणून दोन्ही बाजू चर्चेला बसल्या. बाबा उभेच.

एक वाजला, दोन वाजले. बाबांचे ओठ हलत होते, नाम चालू होतं, पण भार सारखा या पायावरून त्या पायावर जात होता. पेठहून कीर्तनाचे महाराज लवकरच आले, त्यांना निर्णय विचारला. ते म्हणाले, शास्त्रात ग्रामपंचायतीचं काही नाही.

पाच वाजत आले. हरिपाठासाठी बाया-बाप्ये जमून मांडव गच्च भरला. तेवढ्यात बाबांची मालकीण, तुकाबाई, हातात भाकरीचं फडकं घेऊन वाडीतून चालत आली. नवरा जेवायला आला नाही म्हणून बघायला आली होती. तिनं बाबांचे पाय बघितले, सुजलेले. मग आधी दादाभाऊंकडं गेली.

"पाळी कुणाची हाय, सरपंच?"

"वाडीची, मावशे."

"मी वाडीचीच हाय न्हवं?"

मग भैरवनाथकडं वळली. "तुज्या ठरावावर बायांचा आंगठा हाय का रं? मला कुणी इचारलं व्हतं?"

भैरवनाथनं खिशातला ठराव काढून सह्या चाळल्या. वकिलीत हे शिकवलेलं नव्हतं.

आमच्या भागात बाईच्या गळ्यात वीणा कुणी बघितली नव्हती. पण घेऊ नये असंही कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि महाराजांनीच आधी हात जोडले. तुकाबाईनं पदर खोचला, बाबांच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतली. ती वाकली. रीतीप्रमाणं बाबाही वाकले. साठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांनी बायकोच्या पायाला हात लावला, आणि तसेच खाली बसले.

दादाभाऊ खूश, वाडीनं पाळी सोडली नाही. भैरवनाथ खूश, ठराव करणाऱ्यातलं कुणी आत गेलं नाही. आता हरिपाठ सुरू करा म्हणाले दोघंही. तर तुकाबाई म्हणाली, "करा की. पर काल्याला ही वीणा पायजे ना तुमाला? मी देत न्हाई. ह्यांचं एवढंच मागणं हाय, वाडीला एकदा इचारा. बायांसकट."

दादाभाऊ मऊ आवाजात म्हणाले, ते ग्रामसभेनं ठरवायचं असतं.

"मंग ही कोण बसलीया?"

दादाभाऊंनी मांडवाकडं बघितलं. कोरम बसला होता. पंधरा वर्षांत बसला नव्हता इतका. ग्रामसेविका वृषालीताई बायांत टाळ घेऊन बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, मागची सभा तहकूबच आहे, विषयही तोच आहे, आणि रजिस्टर स्कूटीच्या डिकीत आहे.

दादाभाऊंनी शेवटचा डाव टाकला. बाया हरिपाठाला ताटकळल्यात, मतं मोजत कोण बसणार, म्हणाले. त्यावर तुकाबाईनं वीणेची तार छेडली आणि खड्या आवाजात म्हणाली, "मंजूर आसंल त्यानं बोला, पुंडलिक वरदे."

"हारी विठ्ठल," सगळा मांडव गरजला.

अहो, गरजणारच. जन्मभराची सवय. माझ्याही तोंडून निघालं, सावळारामच्याही, आणि खोटं कशाला सांगू, दादाभाऊंच्याही. वृषालीताईंनी रजिस्टरात लिहिलं, 'वाडीतील मतदारांचे स्वतंत्र मत घेण्यास सभेची एकमताने मंजुरी.' कुणी हरकत घेतली नाही. पांडुरंगाचं नाव घेऊन झाल्यावर 'मी तसं म्हणालोच नव्हतो' असं म्हणायला कुणाची जीभ उचलणार?

दादाभाऊंनी सही केली आणि वीणा घ्यायला स्वतः पुढं झाले. तुकाबाईच्या पायावर डोकं ठेवलं त्यांनी. अगदी मनापासून ठेवलं, मी बघितलंय.

पुढच्या रविवारी वाडीच्या शाळेत मतदान झालं. बाबांना पोरांनी खुर्चीवरून नेलं. तीनशेच्या वर चिठ्ठ्या वेगळं व्हायच्या बाजूनं निघाल्या. बाबांनी कोणती टाकली ते त्यांनी तुकाबाईलाही सांगितलं नाही. नुसते हसत होते. दिवाळीच्या आधी गेले. आता त्या मतदानाची फाईल वर कुठंतरी आहे, आणि तिची चौकशी करायला दादाभाऊ आणि भैरवनाथ महिन्यातून दोनदा एकाच जीपमधून पुण्याला जातात. गाव-वाडीची एवढी एकी पूर्वी कधी नव्हती.

वाडीच्या फाट्यावर फ्लेक्सही लागलाय. निवडून आलेला आहे, पडलेला आहे, भैरवनाथ आहे, आणि मधोमध वीणा घेतलेले दादाभाऊ. खाली 'ऐतिहासिक निर्णयाचे शिल्पकार'. फोटो त्याच दिवसाचा, फक्त कडेनं कापलेला. तुम्ही त्या वाटेनं गेलात तर जरा थांबा. दादाभाऊंच्या गळ्यात वीणा घालणारा एक हात फोटोच्या कडेला राहून गेलाय, मनगटापुरता, दोन हिरव्या बांगड्यांचा. तेवढा बघा, हात जोडा, आणि तुकाबाईची आठवण ठेवा.