पंख्याचं तोंड

खोडरबराचा वास आला की मला ताई दिसतात. दुपारची वेळ, पडद्यातून गाळून आलेली उजेडाची पिवळी पट्टी, त्या पट्टीत मांडी घालून बसलेल्या ताई, अंबाड्यात पेचकस खोचलेला, आणि हातातल्या कॉम्प्युटरच्या मेमरीच्या हिरव्या चिपटीचे सोनेरी दात त्या खोडरबराने घासतायत, हळू, तान्ह्या लेकराच्या हिरड्या बोटाने पुसाव्यात तसं. घासून झालं की एक बारीक फुंकर. ती फुंकर मला अजून ऐकू येते.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायच्या. लोक जे खराब म्हणून टाकून जात ते आमच्या आनंद नगरच्या घरी येई, आणि त्यातूनच त्यांनी मधल्या खोलीत एक मशीन उभं केलं होतं. त्यात एआयचं एक मोठं मॉडेल बसवलेलं, आपण विचारायचं आणि त्याने आपल्या भाषेत उत्तर लिहायचं. एवढं मोठं मॉडेल नव्याकोऱ्या मशीनवर चालवतात म्हणे, आणि ताईंच्या मशीनची मेमरी तर ठिकठिकाणी मेलेली. मेलेल्या जागा त्यांनी एका वहीत लिहून ठेवल्या होत्या, तिथे काही ठेवायचं नाही असं मशीनला सांगितलं होतं. बाकीच्या जागा थंड असल्या तर सांभाळून घ्यायच्या, तापल्या की सटकायच्या, म्हणून घरातल्या एकुलत्या टेबलपंख्याचं तोंड कायम मशीनकडे.

"पोरीला पंखा नाही, लोखंडाला आहे," सासूबाई म्हणायच्या.

"आई, पोरगी तापली तर रडते, हे तापलं तर थापा मारतं. रडणारं बरं." ताई हसायच्या तेव्हा त्यांच्या खांद्यांना आधी कळायचं, मग तोंडाला.

मला त्यांनी टाइप करायला शिकवलं. मी नववीत शाळा सोडलेली, इंग्रजी कागद आला की मी तो घडी घालून ठेवून देते. "तीनदा विचार," त्या म्हणायच्या, "तिन्ही वेळा एकच आलं तर मान, नाहीतर राहू दे, थंड होऊ दे." हे मशीन त्या पुढे मंडळाच्या वाचनालयात ठेवणार होत्या, ज्या बायकांना कुणाला विचारायची लाज वाटते त्यांच्यासाठी. बोलताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. बघितलं नाही म्हणूनच मला कळलं की मी त्यांतलीच.

नौतप्याचे, मे अखेरच्या आगीचे दिवस होते. उजेड असा की भिंतीसुद्धा डोळे मिटून घेतील. माझी चिनू तेव्हा दीड वर्षाची, सर्दीने जाम झालेली, अंग नुसतं भट्टी. औषधाची चिठ्ठी ताईंनी मशीनमध्ये लिहून ठेवली होती आणि मला तोंडीही सांगितली होती, सकाळी एकदा, मग दुकानातून फोनवर परत एकदा, आणि मी पुन्हा विसरले. तिसऱ्यांदा फोन करायची मला लाज वाटली. सासूबाई देवळात, हे कामावर, पोरगी रडून रडून निळी होतेय, मी पंखा उचलला आणि त्याचं तोंड पोरीकडे केलं. कुठल्या आईने केलं नसतं, असं मी स्वतःला सांगते. मग मशीनला विचारलं, एकदा. दोन झाकणं, ते म्हणालं. मी दिली.

चिठ्ठीत अर्धं झाकण होतं.

चिनू रडायची थांबली आणि मला बरं वाटलं, हे मला आयुष्यभर पुरेल. मग ती हलवून पण उठेना. साकेत नगरच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात मी तिच्या नाकाशी गाल लावून बसले, श्वास येतोय का बघत. संध्याकाळी तिने डोळे उघडले, पाणी मागितलं, डॉक्टर म्हणाले घरी न्या.

"एवढं द्यायला सांगितलं कोणी?" ह्यांनी विचारलं.

"मशीनने," मी म्हणाले. खोटं नव्हतं, तेच वाईट.

घरी आल्यावर ताई मशीनच्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. तिथे एक प्रश्न होता आणि एक उत्तर. मग त्यांनी पंख्याकडे बघितलं, तो अजून रिकाम्या पाळण्यावर वारा घालत होता. मग माझ्याकडे. तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी मशीनवर हात ठेवला.

"हे आजच्या आज काढ, ताई," हे म्हणाले. "बाहेरच्यांना देणार होतीस तू हे."

मी चिनूला छातीशी धरून उभी होते. एक वाक्य माझ्याकडे होतं, एक त्यांच्याकडे. मी माझं गिळलं, आणि त्यांनी त्यांचं.

"काढते," त्या म्हणाल्या.

त्या रात्री जेवल्या नाहीत. पेचकस अंबाड्यातून काढला, एकेक चिपटी वर्तमानपत्रात गुंडाळली, वर मऊ सुती दोरा. वाचनालयात काहीच गेलं नाही. दिवाळीनंतर त्या नागपूरला कामाला निघून गेल्या. फोन येतो. "चिनू काय म्हणते?" विचारतात, मी "मजेत" म्हणते. फोन ठेवला तरी पंख्याचा आवाज येत राहतो मला.

आता चिनू शाळेत जाते. गृहपाठात चुकलं की जोरात खोडते, कागद फाटेपर्यंत, खोलीत तो वास पसरतो, आणि पिवळ्या पट्टीतली ती रिकामी जागा भरून येते. ताईंची वही अजून कपाटात आहे, मेलेल्या जागांची. मी ती उघडत नाही. दुपारी काम आटपलं की मनाला विचारते, पंखा कोणी फिरवला, आणि कोणी सांगितलं नाही. तीनदा विचारते. इतकी वर्षं झाली, मन तापलेलं असो की थंड, तिन्ही वेळा एकच येतं.