आजोबांच्या स्टिकवरचा एस

आमच्या घरात सगळ्यात सुंदर अक्षर माझं, आणि सगळा घोटाळा त्यानेच झाला.

बाबांचं गोल्फच्या स्टिका दुरुस्त करायचं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथेच पडीक असते. स्टिकचा दांडा किती लवतो यावर अर्धा खेळ अवलंबून. जोरात फिरवणाऱ्याला कडक दांडा, त्यावर एस लिहिलेलं असतं. हात सावकाश चालत असेल तर मऊ, त्यावर ए. सावकाश हातात कडक दांडा दिला की चेंडू फार वर उडत नाही आणि उजवीकडे झाडीत घुसतो. आजोबांचा, म्हणजे आईच्या बाबांचा, वर्षभर तिथेच जात होता.

दुकानातल्या मशीनवर त्यांचा वेग मोजला, तेव्हा आकडा बघून बाबा नुसतेच खाकरले. दांडा मऊच हवा होता. पण आजोबा म्हणाले, तो ए लिहिलेला म्हाताऱ्यांना द्या. स्वतःचं वय वर्षं बहात्तर.

मग मीच शक्कल लढवली. मऊ दांडा बसवला, त्यावरचा ए खरवडला आणि बारीक ब्रशने तिथे असा झोकदार एस काढला की कारखान्यातल्यांनीही मान डोलवावी. बाबा नको नको म्हणत होते. शेवटी एवढंच म्हणाले की आता तोंडाला कुलूप लाव.

आजोबांचा चेंडू सरळ जायला लागला. ते पुन्हा शीळ घालू लागले. दर रविवारी मला मैदानावर न्यायचे, आणि घरी आल्यावर एकेक फटका आईला जेवण गार होईपर्यंत सांगायचे.

कुलूप महिनाभर टिकलं. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून गप्प बसणं मला शिक्षाच वाटायचं. त्या रविवारी आजोबांचे मित्र, दातांचे डॉक्टर, स्टिक हातात घेऊन म्हणाले, "या वयात एस? निवडून कुणी दिला?"

"जावयाने," आजोबा म्हणाले. "त्याची नजर पक्की आहे."

सगळं श्रेय जावयाला. मला राहवलं नाही.

"बाबांनी नाही, मी," मी म्हटलं. "आणि तो एस नाहीच. ए आहे. अक्षर मी रंगवलंय."

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आजोबाही हसले, पण त्यांचा अंगठा त्या अक्षरावरून फिरत राहिला. मग त्यांनी फटका मारला. सरळ, लांब. चेंडू कुठे पडला ते त्यांनी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. म्हणाले, जुना दांडा परत घाला. बाबा पुढे झाले, तर त्यांना थांबवलं.

"तुम्ही नको. ती घालेल. तिला येतं."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी गरम हवेने आतला गोंद सैल केला, स्टिकचं डोकं उपसलं, कडक दांडा बसवला. सॉरी म्हटलं. काम चोख झालंय, एवढंच ते म्हणाले.

आता दर रविवारी चेंडू झाडीत जातो आणि मी शोधायला धावते. शीळ काही ऐकू येत नाही. परवा काट्यांतून चेंडू काढून दिला आणि म्हटलं, "वाऱ्याने वळला, आजोबा."

त्यांनी वर पाहिलं. एक पान हलत नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "वारा आहे आज."