ठमाबाईंच्या गालातला चट्टा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. भिंतीवर टांगलेला नव्हे. लांब दांड्याचा, नाण्याएवढा, दातांच्या डॉक्टरांचा. माझ्या काचेला पोलादी कडं बसलं आणि मी रोह्याला डॉक्टर किमया यांच्या दवाखान्यात आलो. पुढे त्यांनी पेणला दवाखाना थाटला, तेव्हा मीही पेणकर झालो.

दाढेमागचं, जिभेखालचं, जे सहज दिसत नाही ते दाखवणं माझं काम. दर वेळी वाफेत तापून निघायचं आणि नव्या तोंडात शिरायचं. डॉक्टर माझं कौतुक करत, पण मला चैन नसे. दाढ ठणकल्याशिवाय माणसं येतच नसत. पुढच्या तोंडात काय दिसेल, या धास्तीत मी ट्रेमध्ये पडून राही.

एकदा पेणजवळच्या जोहे गावातून ऋतुजा आली. काही दुखत नसतानाही दात तपासून घ्यायची तिला माहेरची सवय. सोबत तिच्या सासूबाई होत्या, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवणाऱ्या ठमाबाई. ऋतुजाचे दात ठणठणीत निघाले. मग डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, तुम्हीही बसा."

"माजं काय दुखत नाय. उगाच कशाला?"

"आई, आलोच आहोत तर बसा ना," ऋतुजाने आग्रह केला.

ठमाबाई बसल्या. मी गालाच्या आत वळलो आणि तिथेच थांबलो. त्या रोज जिथे मशेरीची चिमूट दाबून धरायच्या, नेमका तिथे पांढरा, खरखरीत चट्टा होता.

"मावशी, गालात चट्टा आहे. त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. आणि मशेरी आजपासून बंद."

"कॅन्सर हाय का?"

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

"मंग गणपती झाल्यावर येईन. आता कामाची घाई हाय," म्हणत ठमाबाई उठल्या.

त्या गेल्या आणि माझा जीव टांगणीला लागला. दार वाजलं की वाटे, त्याच आल्या. पण येई दुसरंच कुणी. एका दुपारी त्या खरंच आल्या, ऋतुजाचा हात घट्ट धरून.

"कामात ध्यान लागंना, बाई. गणपतीचा डोळा वाकडा गेला," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "सून बोलली, घाबरून बसण्यापरीस चला."

तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले, ते विचारू नका. कॅन्सर नव्हता; पण चट्टा तसाच राहिला असता आणि मशेरीही, तर पुढे होऊ शकला असता. मशेरी सोडताना ठमाबाई चिडल्या, सुनेवर ओरडल्या, रडल्यासुद्धा. पण सोडली. दर तपासणीला चट्टा लहान होताना मी पाहिला.

मग माझ्या काचेवर ओरखडे आले. नवा आरसा आला आणि मी खणात पडलो. बाहेर तोंडं उघडत, मिटत, आणि मी अंधारात तळमळत असे. शेवटी ठमाबाईंनीच मला मागून घेतलं.

"बघा घरी गाल," डॉक्टर म्हणाल्या, "पण इथे यायचं चुकवायचं नाही हं."

आता मी कारखान्यात, रंगांच्या वाट्यांशेजारी असतो. काल ठमाबाईंनी मोबाइलच्या उजेडात शेजारी बसून मूर्ती रंगवणाऱ्या सीताबाईंचं तोंड पाहिलं. मीही पाहिलं. जिभेच्या कडेला लाल जखम.

"कवापासनं हाय गो ही?"

"शिमग्यानंतर कवातरी. चावलं असंल."

"आता आषाढ लागला, सीते! उद्या पेणला चल."

सीताबाई ब्रश धूत राहिल्या, धुतलेलाच पुन्हा धुतला.

आज सकाळपासून दोघींच्याही जागा रिकाम्या आहेत. म्हणजे गेल्या असणार दोघी. बातमी काय येईल, ठाऊक नाही. दारात सावली पडली की मी दचकतो.

मित्रांनो, रोज दोनदा दात घासा, तंबाखू-मशेरीला हात लावू नका. आणि घरातलं कुणी "दुखत नाही" म्हणालं, तरी त्यांना एकदा डॉक्टरांकडे न्या. मी वाट पाहतोय. तुमच्या घरी कुणावर अशी वाट पाहायची पाळी येऊ देऊ नका.