कीबोर्डला नमस्कार

भाऊराव गुरुजींचा शेवटचा दिवस नेहमीसारखाच सौंसरच्या शाळेत गेला. नागपूरचे एक संशोधक कॉम्प्युटर घेऊन मुलांची परीक्षा घ्यायला आले होते. पुस्तकाला करावा तसा नमस्कार म्हणून प्रत्येक मूल आधी कीबोर्डला हात लावायचं. तेवढ्यात बटण दाबलं जायचं आणि यंत्र तेच उत्तर धरायचं.

"साहेब, पोरं पाया पडून राहिले, उत्तर नाही देऊन राहिले," गुरुजी म्हणाले.

"मास्तर, मशीनला भक्ती कळत नाही, बटण कळतं," साहेब हसले. मदतीला आलेली गुरुजींची मुलगी चंद्रकला मुलांना रांगेत बसवता बसवता हे ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी झोपेतच गेले.

महिन्याभरानं साहेबांनी शाळेत निष्कर्ष वाचला: इथली मुलं मंदबुद्धीची आहेत. मग गुरुजींच्या फोटोला हार घालत ते म्हणाले, "भाऊरावजींनाही हे पटलं होतं."

चंद्रकलेला शिसारी आली. चार माणसांत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. ती उठली.

"तो हार काढा, साहेब. बाबा तसं नव्हते म्हणाले. मी तिथंच होती. मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालून राहिले तुम्ही. किळस येते मले तुमची."