तक्त्यातलं मांजर

सोमवारी इंग्रजीची तोंडी परीक्षा झाली. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, हजेरीपटात चिमणीपुढे पेन्सिलीने फुली मारली आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. चिमणी म्हणजे मी शिकवते त्या वर्गातली सगळ्यात लहानखुरी पोर, हे नाव मीच पाडलेलं. "शुक्रवारी पुन्हा विचारते. नाही बोलली तर खालच्या वर्गात," बाई म्हणाल्या. तिथे तिचा धाकटा भाऊ बसतो. त्याच्या शेजारी हिला बसवायचं? मी असताना? छे!

बाकीचे तीस जण पास झाले होते. तक्त्यावर एकाखाली एक चार चित्रं, सगळ्यांत एकच मांजर: खोक्यात, खोक्यावर, खोक्याखाली, खोक्यामागे. बाईंनी छडी वरून खाली नेली आणि पोरं "इन, ऑन, अंडर, बिहाइंड" ओरडली. चिमणी मात्र मिठाची गुळणी धरून बसलेली.

बाई गेल्यावर मी सहज छडी खालून वर नेली. पोरं पुन्हा, "इन, ऑन, अंडर, बिहाइंड!" घ्या! माझ्या तीस पोपटांनी नुसता क्रम घोकला होता आणि शिकवणारी कोण, तर मी. लाजेने अर्धमेली झाले.

तक्ता गुंडाळून कपाटात टाकला. मंगळवारपासून मांजर आम्हीच. पोरं बाकाखाली, दारामागे, माझ्या खुर्चीवर. शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या. गेल्या तर गेल्या. मीही टेबलाखाली शिरले, "आय ॲम अंडर द टेबल" म्हटलं, आणि उठताना गुडघे असे वाजले की पोरं खिदळायला लागली. चिमणी सगळीकडे शिरायची, ओठही हलायचे, पण आवाज नाही. गुरुवारची शेवटची घंटा झाली तरी नाही. म्हटलं, बये, तू दमशील, मी नाही दमायची.

शुक्रवारी बाईंनी तक्ता पुन्हा लावायला सांगितला. "व्हेअर इज द कॅट?"

चिमणी गप्प. बाईंनी फुली पक्की करायला पेन उघडलं.

"थांबा," मी म्हटलं. बाईंना आजवर कुणी थांबा म्हटलं नव्हतं. "चिमणे, व्हेअर आर यू?"

ती सरळ टेबलाखाली शिरली, बाईंच्या चपलांशेजारी. खालून बारीक आवाज आला, "आय ॲम अंडर द टेबल."

माझे डोळे भरून आले, लपवून काय करू?

बाई वाकल्या. "मग मांजर कुठंय ते का सांगत नाहीस?"

"ते खोटंय. ते हलतच नाही."

बाईंनी छडी टेबलावर ठेवली. "बरं, मग सांग. तुला कुठं बसवू?"

चिमणी बाहेर आली, फ्रॉक झटकला, तिसऱ्या ओळीतल्या आपल्या जागेवर जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला.

"ऑन माय बेंच."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे खोडरबर मागितला.