इसरूच्या नावाचे दगड

मी दगडांचा ढीग बोलतोय. सरकारी कागदावर माझं नाव ‘हद्दीचा मुनारा, नंबर सतरा’ असं आहे. ते खोटं आहे, आणि ते खोटं कसं घडलं तेवढंच मला सांगायचं आहे. कंटाळा आला तर खुशाल उठून जा. हल्ली माझ्याजवळ तसंही कुणी थांबत नाही.

चांदा जिल्ह्यात, सिंदेवाहीच्या अलीकडे पळसबोडी नावाचं गाव आहे. गावातून एक पायवाट जंगलात जाते. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात याच वाटेवर, मोहफुलं वेचायला निघालेल्या इसरूला वाघाने मारलं. वाघाने माणूस मारला की आमच्याकडे त्या जागी येणारा-जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवतो. त्याने मेलेल्याची आठवण राहते आणि पुढच्या वाटसरूला वाघ आडवा येत नाही, असं म्हणतात. पहिला दगड इसरूच्या आईने, सुकरीने ठेवला. तो माझा जन्म. कुणाच्या जन्माला थाळी वाजते; माझ्या जन्माला एक बाई मातीत डोकं आपटत होती.

त्याच आठवड्यात गावातले पुरुष जंगलाला आग लावायला निघाले. वाघाला धूर दाखवून हुसकायचं, असा त्यांचा बेत. पुढे देवाजी होता. गावात त्याचा शब्द खाली पडत नसे. सुकरी माझ्या बाजूला उभी राहिली.

“देवाजीभाऊ, पोरगा माहा वाघानं नेला, जंगलानं नाई. जंगल जाळसान त खासान काय?”

देवाजीने काड्यापेटी खिशात घातली. ज्या बाईचं गेलं तिच्यापुढे कोण काय बोलणार?

त्यानंतर सुरू झाली ती सुकरीची फेरी. माघापासून चैत्रापर्यंत दर सोमवारी सकाळी गावातली माणसं तिच्यामागे जंगलात चालायची. माझ्यापाशी आलं की प्रत्येकाने इसरूच्या नावाने एक दगड ठेवायचा, मग हातात खराटा घ्यायचा आणि वाटेवरचा पाला झाडत पुढे जायचं. मोहाच्या झाडांखालीसुद्धा पाला झाडायचा. पूर्वी फुलं नीट दिसावीत म्हणून लोक तो पाला पेटवून देत, आणि दर वर्षी वणवा लागे. आता वाट अशी स्वच्छ असायची की आग पलीकडून आली तरी तिथेच विझायची. सुकरी चालता चालता झाडं दाखवायची, कुठल्या झाडाला कधी हात लावायचा नाही ते सांगायची. सलग सात उन्हाळे आमच्या बाजूचं जंगल जळलं नाही. मला त्याचा गर्व होता. दगडालाही गर्व होतो.

पुढे चांद्याहूनही माणसं येऊ लागली. त्यांना आणायचा तो रहीमभाई, छत्र्या दुरुस्त करणारा. एकदा हौसेने आला आणि दुसऱ्या वर्षी दहा जणांना घेऊन आला. सुकरीने त्यांच्याही हातात खराटे दिले. “पाह्यले आले त झाडा बी,” म्हणाली. ऐनाच्या झाडाच्या सालीला खाच पाडून तिने त्यांना आतलं पाणी पाजलं. एका वकिलीणबाईंनी घाबरत विचारलं, “वाघ दिसेल का हो?”

“तुमाले दिसन का नाई, मले मालूम नाई,” सुकरी म्हणाली. “त्याले तुमी दिसून राह्यल्या.”

बाई पुढचा कोसभर रहीमभाईच्या छत्रीला धरून चालल्या. मी त्या दिवशी फार हसलो. माझं हसणं तेवढंच.

मग बातमी आली की पलीकडच्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान होणार. गावाला आनंद झाला, उगाच नाही कशाला म्हणू? आपण इतकी वर्षं राखलं, आता राखायला सरकारही आलं, असं त्यांना वाटलं. हद्द नाल्यावरून जाणार असं ऐकलं होतं. नाला मोहाच्या झाडांच्याही पलीकडे. म्हणजे फेरीची वाट गावाच्या बाजूलाच राहणार होती.

मोजणीचे साहेब येणार म्हणून गावाने तयारी केली. पाहुणा येणार तर जागा नीट दिसली पाहिजे. सुकरीने स्वतः मला मातीने लिंपलं, वर चुन्याचा हात दिला. मी कमरेइतका उंच झालो होतो. पांढराशुभ्र, चौकोनी, नवरदेवासारखा उभा होतो. मूर्ख!

साहेब भर दुपारी आले. घामाने भिजले होते. माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, “हा किती जुना?”

मी आठ वर्षांचा होतो. हे देवाजीला माहीत होतं. पण त्याच्या मनात आलं, नवा म्हटला तर साहेब उचलून फेकायला लावेल, जुना म्हटला तर हात लावणार नाही. मला वाचवायला म्हणून तो बोलला.

“लई जुना जी! माह्या आज्याच्या आधीचा.”

सुकरीने झटकन त्याच्याकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं आणि परत मिटलं. चार लोकांत, पाहुण्यासमोर, वडीलधाऱ्याला खोटं कसं पाडायचं? त्या एका भिडेपायी सगळं गेलं. मी तर बोलूनचालून दगड.

साहेबांना मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातली हद्दीची खूण सापडली. आता उन्हात नाल्यापर्यंत चालायची गरज उरली नाही. त्यांनी वहीत लिहिलं, मोजणीची साखळी ओढायला लावली, आणि रेघ माझ्या डोक्यावरून गेली.

पावसाळा संपल्यावर माझ्यावर सिमेंट आलं, काळ्या रंगाने सतरा आकडा आला, शेजारी पाटी आली. गावात कुणाला ती वाचता येईना. माघातल्या पहिल्या सोमवारी रहीमभाई माणसं घेऊन आला तेव्हा त्याने वाचली आणि हात आडवा करून मागच्यांना थांबवलं.

“काय लिवलं हाये?” सुकरीने विचारलं.

“बाई, आता याच्या पुढं जाता येत नाई. मोहाची झाडं आत गेली.” मग खाली बघत म्हणाला, “मुनाऱ्याले हात लावणं गुन्हा हाये. दगड बी ठेवता येत नाई.”

“इसरूचा बी?”

रहीमभाईने मान हलवली. दुसऱ्या दिवशी देवाजी चांद्याच्या कचेरीत गेला आणि ‘मी खोटं बोललो’ म्हणत त्याने हात जोडले. तिथल्या बाबूने त्याला विचारलं, “तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?” तेव्हापासून तो या वाटेला फिरकलेला नाही.

दोन उन्हाळे कुणी पाला झाडला नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात पाला गुडघ्यापर्यंत आला आणि वणवा लागला. सगळं गाव खराटे घेऊन माझ्यापाशी धावत आलं. जंगलखात्याचा नाकेदार बिरजू वाट अडवून उभा राहिला. माणूस वाईट नाही, पण नोकरी नवी. हुकमाशिवाय आत कसं सोडू, म्हणाला, आणि हुकूम आणायला माणूस पाठवला. हुकूम तिसऱ्या दिवशी आला. तोवर मोहाची झाडं काळी पडली होती. फेरीची वाट त्या झाडांमधूनच जात होती, पण ती आता आग अडवणारी वाट राहिली नव्हती, पेटता पाला होता. गाव खराटे धरून बघत राहिलं. मागाहून कागदावर लिहिलं गेलं की आग गावकऱ्यांनीच लावली असावी.

परवा इसरू गेल्याचा दिवस होता. सुकरी आली, एकटीच. तिच्या हातात नाल्यातला गोल दगड होता. बिरजू नाक्याच्या झोपडीतून बाहेर आला.

“बाई, ठेवू नका. माही नोकरी जाईन.”

सुकरी माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ती रडेल, निदान मला शिव्या देईल. मीच तर तिची वाट अडवून उभा होतो. पण तिने तो दगड बिरजूच्या हातात दिला.

“तू ठेव मंग. तू त सरकारचा माणूस हायेस.”

ती गेली. बिरजू दगड हातात घेऊन उभा राहिला. त्याने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो. मग तो झोपडीकडे गेला. त्याच्या चुलीला दोनच दगड होते, तिसरा हवाच होता. संध्याकाळी त्यावर भात शिजला.

तुम्ही कधी या वाटेने आलात तर माझ्यावर दगड ठेवू नका, गुन्हा होईल. नुसतं इसरूचं नाव घ्या आणि पुढे व्हा. नाव घ्यायला अजून तरी परवानगी लागत नाही.